फ्रीजसाठी घट्ट झाकणाचा काचेचा जग : तीन जग वापरून पाहिल्यानंतर

गेले वर्षभर माझ्या फ्रीजच्या दारातील खालच्या कप्प्यात एकच काचेचा जग उभा आहे. त्यात बहुतेक दिवस साधे पाणी असते, कधी थंड चहा किंवा फळांचा रस असतो, आणि आठवड्यातून एकदा तो पूर्ण रिकामा करून घासला जातो. हा माझा तिसरा जग. आधीचे दोन काही महिन्यांतच बाद करावे लागले. त्यांपैकी एकाच्याही काचेचा साधा टवकासुद्धा उडाला नव्हता. दोन्ही गेले ते झाकणापायी. दुकानात मात्र दोन्ही वेळा मी काचच निरखत राहिले होते. ती किती स्वच्छ आहे, किती जाड आहे, नखाने टिचकी मारल्यावर कशी वाजते, हे सगळे पाहून झाले आणि झाकण एकदा लावून, एकदा काढून खोक्यात परत गेले. असा जग घेताना खरी परीक्षा झाकणाची घ्यायची असते, हे मला दोन जग हाताखालून गेल्यावर कळले, आणि म्हणून या परीक्षणात काचेपेक्षा झाकणाला जास्त जागा दिली आहे.

सध्याच्या जगाचे वर्णन थोडक्यात असे : मावते १.३ लिटर, झाकणासह उंची २६ सेंटिमीटर, तळाचा व्यास १० सेंटिमीटर, तोंड आतून साडेआठ सेंटिमीटर, काच बोरोसिलिकेट, झाकण स्टीलच्या चकतीचे व त्याभोवती सिलिकॉनची रिंग, आणि रिकाम्या जगाचे झाकणासकट वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. याच साच्यातून निघालेला, याच झाकणाचा जग वेगवेगळ्या खोक्यांत वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, आणि नाव तेच राहून आतले झाकण बदलल्याचेही मी पाहिले आहे. त्यामुळे नावापेक्षा घडण ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे.

‘घट्ट झाकण’ हा शब्द विक्रेते फार सैल वापरतात. प्रत्यक्षात त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचे झाकण नुसते तोंड झाकते. वरून काही पडू नये एवढेच त्याचे काम. दुसऱ्या पायरीवरचे झाकण हवेची ये-जा रोखते, म्हणजे फ्रीजमधील इतर पदार्थांचा वास आतल्या पाण्याला किंवा दुधाला लागत नाही. तिसऱ्या पायरीवरचे झाकण जग आडवा किंवा उलटा केला तरी आतले पाणी बाहेर येऊ देत नाही. खोक्यावर ‘एअरटाइट’ असे छापलेले असते तेव्हा दुसऱ्या पायरीचा दावा केलेला असतो आणि ‘लीकप्रूफ’ असेल तेव्हा तिसऱ्या. पण ग्राहक पहिला शब्द वाचून तिसऱ्या पायरीची अपेक्षा धरतो, आणि पहिल्याच आठवड्यात जग फ्रीजमध्ये आडवा ठेवून खालच्या कप्प्यातील भाज्या भिजवून घेतो. जग दारात उभाच ठेवायचा असेल, तर दुसरी पायरी पुरेशी आहे. फ्रीज लहान असल्याने तो आडवा ठेवणे भाग असेल, तरच तिसऱ्या पायरीचा आग्रह धरावा, कारण त्या पायरीच्या झाकणांत ओतण्याची सोय बहुधा कमी होते. तसे का होते, ते पुढे येईल.

माझ्या पहिल्या जगाला लाकडी झाकण होते. तो टेबलावर इतका देखणा दिसे की त्याच्याविरुद्ध बोलणे सुरुवातीला जिवावर येत असे. लाकडाची जाड चकती, तिच्या खालच्या अंगाला कोरलेली खाच आणि त्या खाचेत बसवलेली सिलिकॉनची पारदर्शक रिंग अशी त्याची रचना होती. पहिले काही आठवडे ते उत्तम बसले. पुढे लाकडाने आपला स्वभाव दाखवला. फ्रीजमध्ये असताना त्याच्या खालच्या बाजूला जगातल्या पाण्याची ओल लागे, वरच्या बाजूला फ्रीजची कोरडी हवा लागे, आणि रोज घासल्यानंतर पुन्हा दोन्ही बाजू भिजत. लाकूड फुगते आणि आकसते ते सगळीकडून सारखे नव्हे. रेषांच्या आडव्या दिशेने अधिक, उभ्या दिशेने अगदी थोडे. गोल चकती त्यामुळे काही काळाने गोल राहत नाही, किंचित लांबट होते, आणि मग रिंग एका अंगाला दाबली जाते व दुसऱ्या अंगाला सुटते. माझे झाकण एका बाजूने इतके आवळले की ते काढताना जग दुसऱ्या हाताने कवटाळून धरावा लागे, आणि तरीही दुसऱ्या बाजूने वास आत जातच होता.

खरा निकाल लागला तो मात्र खाचेने. रिंग खाचेत डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेली होती. ती निघत नव्हती. तिच्यामागे साचलेली ओल कधी वाळलीच नाही आणि चौथ्या महिन्यात तेथे काळे ठिपके दिसू लागले. सिलिकॉन स्वतः कुजत नाही, पण त्याच्या पृष्ठभागावर अन्नाचा किंवा साबणाचा पातळ थर राहिला आणि ओल मिळाली की बुरशी तेथे आनंदाने नांदते, आणि एकदा तिचा काळा रंग आत मुरला की घासून जात नाही. लाकडाला उकळत्या पाण्यात घालता येत नाही, म्हणून निर्जंतुक करण्याचा तोही मार्ग बंद. लाकडी झाकणाच्या जगाबद्दल माझे मत यामुळे पक्के झाले आहे : कोरड्या वस्तूंच्या बरणीला ते झाकण शोभून दिसते आणि टिकतेही, पण रोज ओले होणाऱ्या जगाला ते घेऊ नये. रिंग हाताने निघणारी असेल तर थोडी सूट देता येईल, पण थोडीच.

दुसरा जग घेताना मी त्यामुळे लाकूड टाळले आणि प्लॅस्टिकच्या फिरकीच्या झाकणाचा जग आणला. काचेवर आटे पाडून त्यावर झाकण फिरवून बसवायची युक्ती जुनी आणि परखलेली आहे. अमेरिकेत जॉन मेसन यांनी आट्यांच्या काचेच्या बरणीचे पेटंट १८५८ मध्ये घेतले, आणि अन्न टिकवण्याच्या बरण्या अजूनही मुख्यतः त्याच तत्त्वावर बनतात. या रचनेत रिंग चपटी असते, झाकणाच्या आतल्या छताला लागून बसते, आणि झाकण फिरवत गेले की आटे तिला काचेच्या काठावर खाली दाबतात. दाब सगळीकडे सारखा पडतो, हवा तितका वाढवता येतो, आणि म्हणूनच तिसऱ्या पायरीचे, म्हणजे उलटे केले तरी न गळणारे झाकण हवे असेल, तर आट्यांच्या झाकणासारखे दुसरे नाही. माझाही दुसरा जग रात्रभर आडवा राहिला तरी थेंबभर गळत नसे. हे त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

अडचण अशी की चपट्या रिंगेला काठ सपाट आणि सलग हवा असतो, आणि जगाला ओतण्यासाठी चोच हवी असते. चोच म्हणजे काठाला मुद्दाम दिलेले वाकण. या दोन गोष्टी एका काठावर नांदू शकत नाहीत. म्हणून आट्यांच्या झाकणाच्या बहुतेक जगांना चोच नसते. त्यांचा काठ बरणीसारखा गोल आणि गुळगुळीत असतो, किंवा झाकणातच ओतण्याचे छिद्र काढून त्यावर लहान टोपण बसवलेले असते. गोल काठावरून सावकाश ओतू लागले की पाणी ग्लासात पडण्याऐवजी काठाला धरून जगाच्या पोटावरून खाली ओघळते, हे किटलीने चहा ओतणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले आहे. प्रवाह मंद असला की द्रव काठाच्या वळणाला चिकटून राहतो. वळण तीक्ष्ण असले किंवा प्रवाह जोरदार असला, तरच तो सुटा होऊन पडतो. पहिला घोट ओतताना आणि ओतणे थांबवताना प्रवाह मंद असतोच, म्हणून थेंब नेमके त्या दोन वेळी गळतात. दुसऱ्या जगाखाली मी पुढे पुढे एक फडकेच ठेवू लागले.

शिवाय ओल्या, थंड हातांनी फिरकीचे झाकण उघडणे हे सगळ्यांच्या बसचे काम नसते. घरातल्या एका व्यक्तीने ते नीट आवळावे आणि दुसऱ्याने मध्यरात्री तहान लागल्यावर त्याच्याशी झटापट करावी, असे वारंवार होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून सगळ्यांनी ते अर्धवट फिरवून ठेवायला सुरुवात केली, आणि अर्धवट फिरवलेले आट्यांचे झाकण हे नुसत्या ठेवलेल्या ताटलीइतकेच घट्ट असते. वस्तू कितीही चांगली असली तरी घरात ती ज्या रीतीने वापरली जाईल, त्या रीतीनेच ती तपासायला हवी. शेवटी झाकणाच्या आट्यांपाशी प्लॅस्टिकला चीर गेली आणि सुटे झाकण विकत मिळेना. धडधाकट काचेचा जग आता लाकडी डाव आणि झारे उभे ठेवण्याच्या कामाला लावला आहे.

तिसऱ्या जगाचे झाकण बुचाच्या तत्त्वावर चालते. स्टीलच्या चकतीभोवती सिलिकॉनची जाड रिंग आहे, तिला दोन पातळ पाकळ्या आहेत, आणि झाकण सरळ खाली दाबले की त्या पाकळ्या जगाच्या आतल्या भिंतीवर वाकून टेकतात. येथे घट्टपणा काठावर अवलंबून नाही; तो काठाच्या दोन सेंटिमीटर खाली, भिंतीवर तयार होतो. म्हणून काठाला चोच असली तरी बिघडत नाही, फक्त चोचीचे वाकण रिंगेच्या वर संपले पाहिजे. दुकानात हे पाहणे अगदी सोपे आहे : झाकण लावून जग डोळ्यांच्या पातळीवर धरावा आणि चोचीखाली रिंग भिंतीला पूर्ण वळसा घालते की नाही, हे काचेतूनच पाहावे. जेथे रिंग भिंतीला टेकलेली असते तेथे काचेआड तिची ओलसर दिसणारी गडद पट्टी उमटते. पट्टी मध्येच तुटली असेल, तर तेथून हवा जाणार. काच पारदर्शक असण्याचा हा फायदा कोणी सांगत नाही.

बुचाच्या झाकणाचीही एक उणीव आहे आणि ती माझ्या जगातही आहे. ओतण्यासाठी दरवेळी झाकण काढावे लागू नये म्हणून चकतीवर चोचीच्या बाजूला एक झडप दिलेली आहे. जग कलला की ती आपल्या वजनाने उघडते आणि सरळ केला की मिटते. ही झडप हवा बऱ्यापैकी अडवते, पण पाणी अडवू शकत नाही, कारण कलल्यावर उघडणे हेच तिचे काम. त्यामुळे हा जग आडवा ठेवता येत नाही. खोक्यावर मात्र ‘लीकप्रूफ’ असेच छापले होते. काही जगांत झडपेऐवजी झाकण फिरवून तीन स्थिती मिळतात : एक पूर्ण बंद, एक मोकळी, आणि एक जाळीची, जी फळांचे तुकडे किंवा बर्फ अडवते. अशा झाकणाची बंद स्थिती माझ्या झडपेपेक्षा चांगली असते, परंतु झाकण बंद स्थितीत आहे की नाही हे ओतणाऱ्याला लक्षात ठेवावे लागते. मला झडप परवडली.

तारेच्या पकडीने आवळणारे बूच हा चौथा प्रकार. चार्ल्स द क्विलफेल्ट यांनी १८७५ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले तेव्हा ते मुख्यतः बाटल्यांसाठी होते, आणि अजूनही अरुंद तोंडाच्या बाटलीवरच ते शोभते. घट्टपणात ते अव्वल आहे. मात्र अरुंद तोंडात हात जात नाही, आणि ज्या भांड्यात हात जात नाही ते रोजच्या वापरासाठी मी घेत नाही.

झाकण घरी आणल्यावर करायच्या चाचण्या माझ्या अनुभवात तीन आहेत, आणि त्यांतली पहिली दुकानातही करता येते. कागदाची एक पातळ पट्टी घेऊन ती रिंग आणि काच यांच्या मध्ये धरावी, झाकण लावावे आणि पट्टी हळूच ओढावी. ती अडखळत, ओढ घेत बाहेर आली तर तेथे दाब आहे, सहज सरकली तर नाही. ही चाचणी वर्तुळावर चार-पाच ठिकाणी करावी. फ्रीजच्या दाराचे रबर तपासायलाही हीच युक्ती वापरतात, त्यामुळे त्याच दिवशी तेही तपासून घ्यायला हरकत नाही. दुसरी चाचणी पाण्याची : जग पाऊण भरून, झाकण लावून, मोरीवर धरून उलटा करावा आणि दहा अंक मोजावेत. तिसरी चाचणी वासाची. जगात साधे पाणी भरून झाकण लावावे, शेजारी कापलेला कांदा उघडा ठेवावा आणि सकाळी ते पाणी प्यावे. पहिल्या जगाने या चाचणीत जे पाणी दिले, त्याचे वर्णन न केलेलेच बरे.

चौथी खूण चाचणी म्हणून करावी लागत नाही, ती आपोआप मिळते. खोलीच्या तापमानाला बंद केलेला जग फ्रीजमध्ये गेला की आतली हवा थंड होऊन आकसू पाहते. ३० अंश सेल्सिअसवरून ४ अंशांवर येताना हवेचा दाब सुमारे आठ ते नऊ टक्क्यांनी उतरतो. झाकण खरोखर हवाबंद असेल तर हा फरक तसाच टिकून राहतो आणि सकाळी उघडताना झाकण किंचित ओढून धरल्यासारखे वाटते, व ‘फस्’ असा बारीक आवाज होऊन बाहेरची हवा आत शिरते. हा आवाज ज्या दिवशी येईनासा होतो, त्या दिवशी रिंग काढून पाहावी. ती वाकडी बसलेली असते, किंवा तिच्यावर कसला तरी कण चिकटलेला असतो. झडपेच्या झाकणात हा आवाज पहिल्यापासून क्षीणच असतो.

याच कारणाने गरम द्रव भरून लगेच झाकण दाबू नये. ९० अंशांवरची हवा ४ अंशांपर्यंत आली तर तिचा दाब जवळजवळ चौथाईने कमी होतो. साडेआठ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर म्हणजे सुमारे चौदा किलोचा भार आल्यासारखे होते, आणि त्यात वाफेचे पाणी होऊन पडणारी तूट वेगळीच. मी एकदा थंड चहा करण्यासाठी गरम चहा भरून झाकण लावले होते. दुसऱ्या दिवशी ते झाकण उघडेना. शेवटी रिंगेच्या कडेला चमच्याचा बोथट दांडा घालून हवा आत सोडावी लागली. काच या ओढीने सहसा फुटत नाही, पण झाकण उघडण्याच्या झटापटीत जग हातातून सुटून मात्र नक्की फुटेल. चहा कोमट होईपर्यंत तोंडावर नुसती ताटली ठेवावी आणि मग झाकण लावावे.

आता काचेकडे वळते. बाजारात दोन प्रकारची काच आढळते. एक नेहमीची सोडा-लाइम काच, जिच्यापासून खिडक्यांची तावदाने आणि बाटल्या बनतात. दुसरी बोरोसिलिकेट, जिच्यात बोरॉनचे ऑक्साइड घातलेले असते. दोघींतला रोजच्या वापरातला फरक एकाच गोष्टीत आहे, तो म्हणजे उष्णतेने फुगण्यात. सोडा-लाइम काच बोरोसिलिकेटच्या साधारण पावणेतीनपट फुगते. दहा सेंटिमीटर रुंदीचा तुकडा ८० अंशांनी तापला तर सोडा-लाइम काच सुमारे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीएवढी वाढते, तर बोरोसिलिकेट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक. केसाएवढी वाढ ही क्षुल्लक वाटेल, पण काच वाकत नाही, आणि जगाची आतली बाजू वाढलेली असताना बाहेरची बाजू अजून थंडच असते. ती ओढाताण न सोसल्याने काच तडकते.

जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत बोरॉन घातलेल्या काचेवर काम केले. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीला असल्याच काचेची गरज लागली ती रेल्वेच्या कंदिलांसाठी, कारण जळत्या कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाऊस किंवा बर्फ पडला की ती फुटत असे. पुढे १९१५ मध्ये त्याच कंपनीने पायरेक्स या नावाने स्वयंपाकघरातील भांडी बाजारात आणली. फ्रीजमधून काढलेल्या जगात गरम पाणी ओतणे म्हणजे तापलेल्या कंदिलावर पाऊस पडण्यासारखेच आहे, फक्त उलट दिशेने. बोरोसिलिकेट हा धक्का बराच सोसते. पण म्हणून त्याचा रोज प्रयोग करू नये. तापमानातील किती फरक चालेल हे पुष्कळदा खोक्यावर छापलेले असते आणि ते वाचण्याची तसदी घेणारा ग्राहक विरळा.

जाड काच म्हणजे मजबूत काच ही समजूत निम्मी खरी आहे. सांडशीचा फटका किंवा नळाला लागलेला धक्का जाड काच जास्त सोसते. उष्णतेच्या बाबतीत मात्र जाडी नडते, कारण आतली बाजू तापल्याची वार्ता बाहेरच्या बाजूला पोहोचायला जास्त वेळ लागतो. म्हणून जगात फक्त थंड पाणीच ठेवायचे असेल, तर जाड सोडा-लाइम काचेचा जग अवश्य घ्यावा, बोरोसिलिकेटसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. चहा-कॉफी भरायची असेल तर बोरोसिलिकेट घ्यावी, आणि ती हाताला हलकी व पातळ लागते म्हणून विक्रेत्याशी हुज्जत घालू नये. एका बाबतीत मात्र दोन्ही काचा सारख्याच हतबल आहेत : पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि झाकण लावलेला भरलेला जग बर्फाच्या कप्प्यात राहिला तर कोणतीही काच त्याला आवरू शकत नाही. फ्रीजच्या मागच्या भिंतीला अगदी टेकून ठेवलेल्या जगातही कधी कधी बर्फ धरतो. जग दारात ठेवण्याचे ते आणखी एक कारण.

शिशाबद्दल अनेक जण विचारतात. या दोन्ही प्रकारच्या काचेत शिसे घालत नाहीत. ते असते लेड क्रिस्टल म्हणवणाऱ्या जड, लखलखीत, पैलू पाडलेल्या काचेत, आणि तिच्यात आंबट रस दिवसेंदिवस साठवू नयेत. बाहेरून रंगीत चित्रे काढलेल्या जगांबाबत मी एवढेच पाहते की रंग काठापर्यंत आलेला नसावा. काच साधी, कोरी आणि पारदर्शक असावी. आत काय आहे आणि किती उरले आहे हे फ्रीजचे दार उघडताच दिसणे, यासाठीच तर काचेचे वजन आपण पत्करतो.

वजनाचा हिशेब आधीच करावा. भरलेला १.३ लिटरचा जग दोन किलोच्या जवळ जातो, आणि दोन लिटरचा तीन किलोच्या. ही वस्तू फ्रीजमधून बाहेर येताच हवेतली वाफ तिच्यावर दव होऊन बसते आणि काच निसरडी होते. म्हणून कान असलेला जग घ्यावा, आणि त्या कानात चारही बोटे सैलसर शिरतील हे पाहावे. कान काचेच्या भिंतीला जेथे जोडलेला असतो ते दोन सांधे जगाचे सर्वांत नाजूक ठिकाण असतात. तेथे बुडबुडा किंवा बारीक रेघ दिसली तर तो नग बाजूला ठेवून दुसरा मागावा. भरलेला जग उचलताना दुसरा हात तळाशी द्यावा, हे मी घरातल्या लहानांना शिकवले आणि मोठ्यांना शिकवणे अजून चालू आहे. मध्ये बारीक होणारे, कान नसलेले जग दिसायला डौलदार असतात. ज्यांचे हात मोठे आहेत त्यांनी ते खुशाल घ्यावेत.

माप घेतल्याशिवाय जग घेऊ नये, हा सल्ला इतका साधा आहे की तो मी स्वतः दुसऱ्या वेळी पाळला नाही. दाराच्या कप्प्याची आतली खोली, पुढच्या दांडीची उंची आणि वरच्या कप्प्यापर्यंतचे अंतर ही तीन मापे कागदावर लिहून न्यावीत. खोक्यावर दिलेली उंची कधी झाकणासह असते, कधी झाकणाविना. आणि कान धरून व्यास किती होतो, हे तर जवळजवळ कधीच दिलेले नसते. माझ्या सध्याच्या जगाचा व्यास १० सेंटिमीटर असला तरी कानासह तो साडेचौदा होतो, त्यामुळे कान दाराच्या लांबीच्या दिशेला वळवूनच तो बसतो. चौकोनी तळाचे जग कप्प्यात जागा कमी खातात, पण त्यांच्या कोपऱ्यांत घासणी नीट फिरत नाही आणि गोल झाकणासाठी वर गोल होत गेलेल्या खांद्याखाली चहाचा डाग हमखास राहतो.

स्वच्छतेबद्दल माझे नियम कडक आहेत, त्याला पहिल्या जगाची काळी रिंग कारण आहे. रिंग आठवड्यातून एकदा निघालीच पाहिजे. विकत घेतानाच ती नखाने किंवा बोटाने काढून पुन्हा बसवून पाहावी, आणि विक्रेता ‘ती काढायची नसते’ असे म्हणाला तर जग तेथेच सोडावा. सिलिकॉन उकळत्या पाण्याला दाद देत नाही, म्हणून पाच मिनिटे उकळून ती पूर्ण वाळू द्यावी. मात्र सिलिकॉन वास धरते, विशेषतः कॉफीचा आणि संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून मग उन्हात ठेवली की वास पुष्कळ उतरतो. काचेवर कठीण पाण्याचा पांढरा थर धरला तर तो व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने निघतो; चहाचा तपकिरी डाग खाण्याच्या सोड्याने. तारेची घासणी आणि धातूचा चमचा जगात घालू नये, कारण आतल्या बाजूला पडलेला बारीक ओरखडाच पुढे तड्याची सुरुवात ठरतो. ढवळायला लाकडी चमचा वापरावा.

झडपेच्या बिजागरीत स्टीलची एक पोकळ नळी आहे आणि तिच्यात पाणी शिरते. धुतल्यावर झाकण तिरके ठेवून निथळू दिले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या नळीतून जुने पाणी ग्लासात टपकते. या जगाची ही दुसरी उणीव, आणि बनवणाऱ्याने ती सहज टाळायला हवी होती; नळीची दोन्ही टोके उघडी ठेवली असती तरी भागले असते.

फसफसणारी पेये या जगात ठेवायची नसतात, हे सांगून ठेवते. त्यांतला वायू सुटत राहतो, दाब वाढतो, बुचाचे झाकण उडते किंवा झडपेतून वायू निघून जाऊन पेय बेचव होते. सोड्याच्या बाटलीची काच आणि टोपण त्या दाबासाठी मुद्दाम बनवलेले असतात, जगाचे नसतात. आंबवायला ठेवलेल्या पेयांनाही हेच लागू आहे. दूध ठेवता येते, पण मग जग त्या एकाच कामासाठी राखून ठेवावा आणि भरताना दरवेळी रिंग काढून धुवावी. दूध दारात मात्र ठेवू नये. दार सतत उघडते, आणि तेथील तापमान आतल्या फळीपेक्षा चढे राहते.

खोक्यासोबत एक जादा रिंग मिळाली होती. पहिली अकराव्या महिन्यात एका पाकळीला फाटली, तेव्हा ती जादा रिंग बसवली आणि लगेच आणखी दोन मागवून ठेवल्या. त्या रिंगा कागदी पाकिटात घालून पाकिटावर जगाच्या तोंडाचे माप लिहून ठेवले आहे, कारण पुढच्या वेळी विक्रेता तेच विचारेल.